ऑरिनच्या बंदुकीचा पहिला बार

४ ऑक्टोबर
झालं! ऑरिन दस्त्याच्या लाकडाला स्क्रूचं भोक पाडत होता आणि ड्रिलला चकचकीत पोलादी कीस आला. लाकडात पोलाद कुठून येणार? नळीला लागलं, दुसरं काय! म्हटलं, तर अंगावर आला. "ओरखडा आहे नुसता. तू दिवा नीट धर."

दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर ही बंदूक पसरलीय. १८०३ सालच्या फौजी ठासणीच्या बंदुकीची नक्कल. आम्ही नवरा-बायको मांडीवर ताटल्या घेऊन जेवतो.

६ ऑक्टोबर
शहाणी माणसं नवी नळी जुन्या टायरला बांधतात, दुप्पट दारू ठासतात आणि झाडाआडून दोरी ओढतात; फुटायची तर तिथेच फुटू दे. पण आमच्या जुन्या बंदुकांच्या मेळाव्यातल्या बाप्यांचा ताठा — पहिला बार खांद्यावरूनच! मेळावा भरवणारा म्हातारा लॉयड आज येऊन हसत विचारतो, "काय ऑरिन, दोरी आणलीस का?" दोघांचाही गळा धरावासा वाटला.

९ ऑक्टोबर
भांडण. "एकदा दोरीने उडव, मग काय ते मिरव!"
"वेल्मा, बंदूक मी बनवलीय की तू?"
शनिवारी मेळावा.

१० ऑक्टोबर
तो कामावर गेल्यावर बंदूक गाडीत टाकली. मागच्या कुरणात टायरला आवळली, दुप्पट दारू ठासली, चाप ओढायला दोरी बांधली आणि झाडाआड बसले.

ओढली.

नळी फाटली. नेमकी त्या भोकापाशी! दस्त्याच्या चिरफळ्या झाल्या. मी तिथेच बसून रडले.

संध्याकाळी तुकडे टेबलावर मांडले. मला वाटलं, ओरडेल. ऑरिन पांढराफटक पडला, बाथरूममध्ये जाऊन त्याने उलटी केली.

११ ऑक्टोबर
कालपासून गप्प. दोन वर्षांची मेहनत गेली म्हणून रुसलाय. रुसू दे! जिवंत तर आहे.

१२ ऑक्टोबर
लॉयडचा फोन. "पोरी, बंदूक फुटली म्हणे. पहिल्या बाराला तुझं नाव आहे. ते काढू ना?"
"माझं कसं? ऑरिनचं असेल."
"तुझंच गं. बनवणारा ज्याला मान देईल त्याने पहिला बार उडवायचा. ऑरिनने उन्हाळ्यातच सांगून ठेवलंय. तुला ऐनवेळी कळायचं होतं."

म्हणजे ती नळी माझ्या गालाशी फाटली असती! ऑरिन बंद दाराबाहेरून हाका मारतोय. आता मीच बोलत नाही.