हिरव्या पट्ट्याची चप्पल

कार्तिकातला दुसरा सोमवार, संध्याकाळ

औंढ्याच्या देवळाबाहेर आज पाऊण तास स्वतःचीच चप्पल शोधत होतो. ही वारल्यापासून पहिल्यांदाच एकटा गेलो. हारवाली म्हणाली, "काका, कशी हाय तुमची चप्पल?" सांगता येईना. रोज पायात असते, काहून सांगता येऊ नये?

मग ध्यानात आलं. त्या ढिगात मी माझी चप्पल कधी शोधलीच न्हाई. हिच्या चपलेचा हिरवा पट्टा शोधायचो. माझी चप्पल ही आपल्या चपलेशेजारीच ठेवायची. आजही डोळे हिरवा पट्टाच शोधून राहिले होते. एक दिसलाही. शेजारी कुणा दुसऱ्याच्याच चपला.

शेवटी पायरीवर बसून राहिलो. सगळे निघून गेले, तेव्हा एकच जोड उरला होता. पायात घातला. बराबर बसला.