पाण्यातली मूठ

आई, तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तू माझ्या हातातून चाकू काढून घेतलास आणि मला परत कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात धाडायला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलंस. मी सातवीत होते. इतकी वर्षं मी याबद्दल गप्प राहिले, कारण मोठ्यांना उलट बोलू नये असं कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. आता निवृत्त झाले आहे, उलट बोलायला भरपूर वेळ आहे.

आपल्या तलावात शिंगाडे काढणाऱ्या, जाळी टाकणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला घडीचा चाकू असे, आणि मोहाडीच्या बाजारातून आणला की तो आधी तुझ्याकडे येई. बाजारातली गुळगुळीत मूठ ओल्या हातातून निसटते. तिच्यावर दोर सरळ गुंडाळावा तर पातं मिटायला जागा उरत नाही. म्हणून तू मुठीच्या दोन्ही फळ्या सोडवायचीस, ऐनाच्या सालीत तांबडा केलेला जाळ्याचा सुती दोर प्रत्येकीवर वेगळा गुंडाळायचीस आणि पितळी खिळ्यांनी त्या परत बसवायचीस. बाहेरच्या अंगाला जाळ्याच्याच गाठी, बरोबर बोटांच्या फटीत येतील अशा. टोकाला शिंपल्याचा तुकडा, चाकू तळाशी पडला तरी चमकावा म्हणून. "चाकू कसा नवरीवानी दिसला पायजे," तू म्हणायचीस. कुणी घाई केली तर, "मंग बाजारातलाच वापर. बोट गेलं तं मायाकडे रडत येऊ नोको." तुझ्याइतकी गर्विष्ठ बाई आसपासच्या गावांत नव्हती. मला ते फार आवडायचं.

तर त्या सकाळी मी ओसरीवर बसून एका फळीवर पहिली गाठ मारते आहे. तू येतेस.

"थे ठेव खाली."

"मले शिकायचं आहे."

"तुले कायले पायजे? इंग्रजी शिकून राहिली ना, थेच शीक. दोन्ही होत नाही."

दोन्ही होत नाही! आणि पुढे वहिनी लग्न होऊन आली, तिला मात्र तू शेजारी बसवून सगळं शिकवलंस. सून चालली, लेक नाही.

निवृत्तीनंतर मी स्वतःच शिकायचं ठरवलं. बाजारातून घडीचा चाकू आणला. तू गिऱ्हाइकाला तलावातल्या चिखलाचा गोळा मुठीत दाबायला द्यायचीस आणि त्यावर उमटलेल्या बोटांवरून गाठींच्या जागा ठरवायचीस, हे मी पाहिलं होतं. मीही जेवणाच्या टेबलाशी बसून गोळा दाबला. चाकू असा देखणा झाला की मीच चार वेळा उघडून मिटून पाहिला. मग गावी जाऊन वहिनीच्या हातात दिला. तिनं तो पाण्यात बुडवून धरला, दोनदा फिरवला.

"दिसाले तं मस्त हाये, बाई. टीव्हीजवळ ठेवजा."

"काय चुकलं ते सांग ना."

"सासूबाईनं शप्पत घातली हाये. म्हने, थे एक दिवस इचाराले येईल, सांगजो नोको."

म्हणजे जातानाही तू दाराला कडी घालून गेलीस. मला इतका राग आला की सलवार खोचून मी तशीच तलावात उतरले. "पडान, बाई!" वहिनी काठावरून हसते आहे. मी हट्टानं वेलाखाली हात घालून शिंगाडे तोडत राहिले, पार ऊन चढेपर्यंत. मग तोल गेला म्हणून तळाचा चिखल पकडायला गेले, तर मूठ मिटेना. बोटं ताठरलेली, कातडी सुरकुतलेली. टेबलाशी गोळ्यावर मिटली होती ती ही मूठच नव्हती. तेव्हा आठवलं, कोरड्या हातानं आलेल्या माणसाला तू, "जा, आंधी पान्यात काम कर, मंग ये," म्हणून परत पाठवायचीस. मला वाटायचं, हा तुझा नखरा.

तिथंच उभ्या उभ्या मी गोळा दाबला. त्यावरून नवा चाकू बांधला: गाठी जरा लांब लांब गेल्या, मूठ जाड झाली. तो दुसरा चाकू वहिनीनं एका सकाळी कामाला नेला आणि परत आणलाच नाही. मागितला तर म्हणाली, "आता हा माया." आई, तुझ्या सुनेनं, तुझ्या शिष्येनं, माझा चाकू ढापला. शाळेतल्या कुठल्याही बक्षिसाला माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. आणि एक गोष्ट कबूल करते: तू तेव्हा ती गाठ शिकवली असतीस, तर मी त्या बसमध्ये चढले नसते. बहुतेक तुलाही ते ठाऊक होतं. पण बहुतेक म्हणजे उत्तर नव्हे. या वर्षीचे शिंगाडे बाजारात येण्याच्या आत मला लेखी खुलासा हवा. अंगठा चालणार नाही. सही मीच शिकवली आहे तुला.