तुझ्या गावात राजा नव्हता

प्रिय ओबिन्ना,

अबुधाबीतल्या शवागाराबाहेरच्या बाकावर बसून तुला लिहितेय. आत्ता जिवंत माणसाशी बोलले तर भांडणच होईल. सकाळी आपल्या हॉटेलचा एचआर मॅनेजर म्हणाला, "सिस्टर, गावच्या चीफचा ओके आलाय. उद्या इथंच दफन. खलास."

कसला चीफ? लॉबीत दारावर तू, रिसेप्शनला मी. चहा पिताना तूच सांगायचास ना, नायजेरियातल्या तुमच्या इग्बो गावात राजा नव्हताच. भावकीतली माणसं एकत्र बसायची, मानाचं कोलाचं बी फोडून वाटायची आणि एकमत होईपर्यंत उठायची नाहीत. इंग्रजांना हुकूम सोडायला एकच माणूस हवा होता. त्यांनी एकाच्या डोक्यावर मानाची टोपी ठेवली, त्याला चीफ केलं, त्याच्याकरवी कर उकळला. तुझ्या पणजोबांनी त्याच्या हातचा कोला घेतला नाही. त्या चीफचा पणतू, आजचा चीफ, अजून तो राग धरून आहे, हे तू हसत सांगायचास. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

एचआरनं नेमका त्यालाच फोन केला. का? तर तुझे काका म्हणाले होते, "मी एकटा कसा सांगू? सगळे बसू देत." यांना वाटलं, घरच्यांना काही पडलेलं नाही. अरे, तुझी आई तिकडे अंगणात तुझ्या वडिलांच्या थडग्याशेजारची जागा झाडून बसलीय.

मी दुपारपर्यंत मुदत मागितली. काकांचा फोन स्पीकरवर टाकला. एकेक जण सावकाश बोलत होता, मला एक अक्षरही कळत नव्हतं. मॅनेजर सारखं घड्याळ बघत होता. "यल्ला सिस्टर, येस ऑर नो?"

"थांबा. ते बसलेत," मी म्हटलं. नोकरी जाते की काय ही भीती होती, तरी फोन कट केला नाही.

शेवटी काका इंग्रजीत म्हणाले, "ठरलं. मुलाला घरी आणा."

"कोण बोलतंय? नाव सांगा," मॅनेजर म्हणाला.

"आम्ही सगळे."

मला तिथंच रडू फुटलं. मॅनेजरनं उद्याचं दफन रद्द केलं.

एवढा बोलका तू, छातीत दुखतंय एवढंच सांगायला जीभ का अडली रे? त्याबद्दल मी तुला माफ करणार नाही.

व्हिसाला लागायचे तेवढे दिवस लागू देत, तुझ्याबरोबर मीच येणार. कागदावर अजून त्या चीफचंच नाव आहे, म्हणून विमानतळावर तुला ताब्यात घ्यायला तोच येणार आहे म्हणे. येऊ दे. तुझी भावकी येऊन उभी राहीपर्यंत मी पेटीवरचा हात काढणार नाही.

तुझी वसईची सिस्टर,
फिलोमिना