कप्तान वादळात ओरडला नाही, त्याबद्दल

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाच्याचा नमस्कार. तो नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून केलेला आहे असं समजावं.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचा मोतीबिंदू पिकला, की डॉक्टर अजून 'थांबा'च म्हणताहेत? इकडे आम्ही बरे आहोत. ही ठणठणीत आहे. मला मात्र सर्दी झाली होती, आणि पुढचा सगळा घोळ त्या सर्दीपासूनच सुरू होतो.

पण आधी एक कबुली. तुमची समजूत अशी की मी वर्तमानपत्रात हवामानाचा रकाना लिहितो (मागे मामीच्या गच्चीवर टाकलेल्या गाद्या भिजल्या, तेव्हा तुम्ही दोघं माझ्याशी महिनाभर तुटक बोलत होतात). मामा, हवामान आमच्याकडे एक बाई बघतात. मी दर शुक्रवारी सिनेमाची परीक्षणं लिहितो, 'तिसरा डोळा' या टोपणनावानं. होय, तोच तिसरा डोळा, ज्याला तुम्ही दर शुक्रवारी फोनवर माझ्याजवळच शिव्या घालता आणि मी 'हो ना मामा, काय हा माणूस' म्हणतो. ज्यानं चाळीस वर्षं थिएटरात मशीन चालवलं, एकेक सिनेमा भिंतीतल्या त्या चौकोनी भोकातून शंभर-शंभर वेळा पाहिला, त्या माणसाला 'मी एकदा पाहून मत ठोकतो' हे सांगायला मला सात वर्षं तोंड नव्हतं. आता तर एकदा पाहण्याचंही जमलं नाही, हे सांगायचं आहे.

कप्तान म्हणजे कोण हे तुम्हाला सांगायला नको. बुडत्या जहाजावरच्या त्या नटाला लोक त्याच्या खऱ्या नावानं ओळखतच नाहीत. नऊ भाग निघाले त्या सिनेमांच्या मालिकेचे. पहिल्या भागात पाणी आत शिरतं तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरी भीती होती, आणि ती सगळ्यात आधी तुम्हीच मला दाखवली होती. चौथ्या भागापर्यंत भीती गेली, डोक्यावर नवे केस आले. सातव्यात उड्या दुसरा कोणी मारत होता आणि कप्तान फक्त उतरल्यावर धापा टाकत होता. मालिकेचं हे असंच असतं. प्रेक्षकाला तोच माणूस पुन्हा हवा असतो, निर्मात्याला तोच गल्ला, आणि मधल्या मध्ये नटाचं लोणचं होतं: मुरतं खरं, पण बरणीबाहेर येत नाही. हे सगळं मी वेळोवेळी छापलं आहे, आणि अजूनही ते मला पटतं. निदान जे पाहिलं त्याबद्दल तरी.

तर हा कप्तान नऊ भागांनंतर एका वेगळ्याच सिनेमात आला. म्हातारा राजा आपलं राज्य तीन मुलींत वाटतो आणि रस्त्यावर येतो, ते चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी नाटक. त्या नाटककाराच्या नाटकांवर सिनेमा काढणारे दोन प्रकारचे असतात. एक मुकुट घालून व्याख्यान देतात, दुसरे मुकुट काढून सगळ्यांना कंपनीच्या ऑफिसात बसवतात. इथे राजाच्या जागी बसगाड्यांचा मालक होता आणि राज्याच्या जागी तीन डेपो. मी घरून निघतानाच मनात परीक्षण लिहायला घेतलं होतं. खेळ सकाळी साडेदहाचा, खास आम्हा परीक्षकांसाठी. नाक चोंदलेलं, म्हणून हिच्या खणातली एक गोळी घेतली. (ती सर्दीची नव्हती. प्रवासात मळमळू नये म्हणून घ्यायची होती.) शेवटच्या रांगेत बसलो. पहिला डेपो मोठीला दिला हे मला आठवतं. दुसरा कोणाला दिला ते मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि शेजारची गॉगलवाली परीक्षक नाक पुसत होती. तिलाही सर्दी असणार, असं मी धरून चाललो.

प्रामाणिक माणसानं काय केलं असतं? सिनेमा पुन्हा पाहिला असता. मी ऑफिसात जाऊन टेबलाशी बसलो आणि तासाभरात आठशे शब्द पाडले. नाटक मला पाठ, कप्तान मला पाठ, मग उरलं काय? लिहिलं की, 'वादळाच्या प्रसंगात कप्तान असा काही ओरडतो की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही झोपेचं खोबरं व्हावं.' संपादक खूश झाले. शेजारच्या टेबलावरच्या हवामानबाईसुद्धा हसल्या.

रविवारी फोन आला. बाईंचा आवाज होता. म्हणाल्या, "मी कप्तानांची बायको. त्यांना तुम्हाला भेटायचंय. ते बोलत नाहीयेत, म्हणून मी फोन केला."

बोलत नाहीयेत! म्हणजे किती भडकले असतील याचा मी हिशोब करत बसलो. हिनं शर्टाला इस्त्री करून दिली आणि म्हणाली, "मार खायचाच असेल तर नीट कपड्यांत खा." लिफ्ट नसलेल्या इमारतीचे तीन मजले चढलो. दार त्या बाईंनीच उघडलं. आत खिडकीपाशी कप्तान बसला होता. टीव्हीवर दिसतो त्याच्या निम्मा. गळ्याला मफलर, मांडीवर पाटी. त्यानं खडूनं लिहिलं, 'बसा.'

मामा, त्या माणसाचा आवाज गेला आहे. चित्रीकरणाच्या आठ महिने आधी घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हाच. ही गोष्ट मी सोडून सगळ्या परीक्षकांना ठाऊक होती, कारण खेळाआधी वाटलेल्या माहितीपत्रकात ते छापलं होतं म्हणे. अख्ख्या सिनेमात तो एक शब्द बोलत नाही. वादळात तो बंद पडलेल्या बसमध्ये नुसता बसून राहतो.

मी घाम पुसत होतो. त्यानं पाटी पुसली, लिहिली, माझ्याकडे वळवली. 'बाकी सगळ्यांनी लिहिलं, मी गप्प होतो. तुम्ही एकट्यानं लिहिलंत, मी ओरडलो. तुम्हाला ऐकू आलं?'

त्याचे डोळे, मामा. पहिल्या भागातले.

बाई म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी हसलेत हो ते. तेवढं वाक्य कात्रीनं कापून ठेवलंय त्यांनी. बाकीचं मी वाचूच दिलं नाही." कात्रण खरंच आरशाच्या फटीत खोचलेलं होतं.

त्या क्षणी खरं बोलायला किती शब्द लागले असते? 'मी झोपलो होतो.' तीन. मी म्हणालो, "आलं. अगदी स्पष्ट आलं." वर चहा घेतला. उठताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि जिना उतरताना मला तो हात खिशात घालावासा वाटेना, कोणाला दाखवावासाही वाटेना.

इथेच थांबतो. मामीला नमस्कार सांगा. तिला यातलं काही वाचून दाखवू नका.

आपला,
भाचा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तिसऱ्या डोळ्याला उद्देशून संपादकांना आलेलं तुमचं पत्र त्यांनी उत्तरासाठी माझ्याच टेबलावर ठेवलं आहे. 'मी हा सिनेमा दोनदा पाहिला. त्यात कोणीही ओरडत नाही. सदर इसम झोपला होता.' मामा, ते छापलं तर कप्तान वाचेल. कृपा करून पत्र परत मागवा. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. (हे वाक्य मी चारदा वाचलं. चारही वेळा ते मला माझ्यासाठीच वाटलं.)

ता. क. २. हे पाकीट दोन दिवस टपालात टाकवलं नाही. काल दुपारी तिकीट काढून सिनेमा पाहिला, पुढच्या रांगेत, गोळीशिवाय. बसच्या काचेवर वाफ धरते. तो बाहीनं पुसतो, बाहेर धाकटी दिसते का बघतो, तोंड उघडतो आणि मिटतो. बस, एवढंच. आमच्या रांगेत कोणी खोकलंसुद्धा नाही. मी थेट तिथून ते तीन मजले चढलो आणि उभ्यानंच तीन शब्द बोलून टाकले. बाई तरातरा आत गेल्या, त्या शेवटपर्यंत बाहेर आल्या नाहीत. कप्तान खिडकीपाशी उठून उभा राहिला. मग आरशाकडे गेला. मला वाटलं, कात्रण फाडणार. त्यानं ते काढलं, पुन्हा वाचलं, होतं तिथेच खोचलं आणि पाटीवर लिहिलं, 'वाक्य चांगलं आहे. राहू दे. पण आता तुम्ही या घरी येऊ नका.'

तेव्हा पत्र परत मागवू नका.

ता. क. ३. तुमचं पत्र येत्या शुक्रवारी, माझ्या खऱ्या नावासकटच्या माफीशेजारी, छापून येईल. 'निर्लज्ज' हा शब्द त्यात दोनदा होता. जागेअभावी एक काढावा लागला, क्षमस्व.