पिकअप माझ्याच हातून चालू होत नाही

१२ मे, सोमवार
आज पुन्हा. निंबोल्याला काशिनाथभाऊंच्या शेतावर केळीची रोपं उतरवली, पाणी प्यायले, किल्ली फिरवली. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. घर्र घर्र, बस. बॅटरी चांगली, डिझेल अर्धी टाकी. शेतातली सगळी माणसं येऊन सल्ला देऊन गेली. एकाने तर मला उतरवून स्वतः बसून पाहिलं. नाहीच. बऱ्याच वेळाने त्याच किल्लीने पहिल्या झटक्यात चालू. जसं काही झालंच नाही.
घरी सांगितलं. प्रमोद पलंगावर पालथे, कमरेला शेक चालू. नवरा म्हणून विचारपूस नाही, सरळ निकाल. "क्लच पूर्ण दाबत नसशील."
क्लचचा काय संबंध? यांची कमर धरली तेव्हापासून नर्सरीची सगळी रोपं मीच पोचवतेय. तेव्हा क्लच बरा दाबला जात होता.

१४ मे
रईसभाईंच्या गॅरेजवर. त्यांनी वाट्टेल तेवढ्या वेळा बंद-चालू केली. दरवेळी चालू. "भाभी, गाडी तो मक्खन है." तरी बॅटरीचे टर्मिनल घासले, डिझेल फिल्टर बदलला. स्कॅनर लावला, त्यात काही निघालं नाही. मी म्हटलं, नाही होत हो खरंच. हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

१७ मे, शनिवार
फोपनार. भर दुपार. रोपांचे अर्धे कॅरेट एका शेतावर दिले, उरलेले पुढच्या वस्तीवर न्यायचे होते. चालू होईना. वरून ताडपत्री तापलेली, आत रोपं. पाणी मारत राहिले. शेवटी प्रमोदला फोन, प्र. चा रईसभाईंना फोन. ते मोटरसायकलवर उन्हातून आले, खाली वाकले, वर आले, किल्ली फिरवली. चालू.
नुसतं माझ्याकडे बघितलं. शाळेत पोट दुखतं म्हणून खोटं सांगितल्यावर बाई जशा बघायच्या तसं.
पुढच्या शेतकऱ्याने माना टाकलेली रोपं परत दिली. त्याचं बरोबरच आहे.

१८ मे
जेवताना आबा बोलले. सासरे आहेत, पण कधी आवाज चढवत नाहीत. "सूनबाई, ड्रायव्हर ठेवू. लागणीचा टाइम आहे व. माल उन्हात गेला की नाव जातं." त्यांचा राग नाही आला. प्र. ने ताटातून वर न बघता मान डोलावली, त्याचा आला. ओळखीतला कुणीतरी मुलगा आहे म्हणे, एक तारखेपासून येईल.
मला कुणी विचारलं नाही. पहाटे आमच्या लालबाग वस्तीतून गाडी बाहेर काढते, रस्ता मोकळा, काच खाली. दिवसभरात तेवढाच वेळ मी कुणाची काही नसते. हे कुणाला सांगणार? आणि सांगून…

२१ मे
पंपावर डिझेल भरलं, चालू नाही. मागे लाइन, हॉर्न. पोरांनी ढकलून बाजूला लावली. चिडून समोर डॅशबोर्डकडे बघत बसले. सेल्फ मारते तेव्हा आर.पी.एम.चा काटा हलतच नाही. शून्यावर मेलेला. गाडी थंड झाल्यावर पुन्हा मारला, तर काटा आधी जरासा उचलला आणि मग इंजिन लागलं.
रईसभाईंना फोन. काट्याचं सांगितलं. "काटा बिलकुल नहीं हिलता?"
"नाही."
"तो क्रँक सेन्सर हो सकता है. इंजिन घूम रहा है, ये कॉम्प्युटर को वही बताता है. गरम होके चुप हो जाता होगा." पण स्वतः बघितल्याशिवाय बदलायला तयार नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे आहे म्हणाले, अंगठ्याएवढा, एक वायर जाते. पुढच्या वेळी ओलं फडकं ठेवून बघा.

२२ मे
मुद्दाम असीरगडपर्यंत तापवत नेली, तशीच गॅरेजवर आणली. बंद. चालू. बंद. चालू. हरामखोर.

२६ मे, सोमवार
प्र. पट्टा बांधून सोबत आले. "बघू तरी काय करतेस." रस्ताभर गिअरवरून बोलणं. निंबोल्याला माल उतरवला, मी किल्ली फिरवली. नाही.
"सरक," म्हणाले. कमर धरत धरत माझ्या जागेवर आले. क्लच पूर्ण दाबला, अगदी दाखवून. सेल्फ मारला. नाही. पुन्हा मारला. घामाघूम. त्या क्षणी मला जे वाटलं ते आनंदच होता, लपवत नाही.
"काट्याकडे बघा," म्हटलं. बघितलं त्यांनी.
पदर खोचून गाडीखाली गेले. गरम तेलाचा वास, कोपर भाजलं. रोपांच्या झारीतल्या पाण्यात भिजवलेलं फडकं सेन्सरवर दाबून धरलं. "मारा आता." दोनदा नाही. मग लागली.
बाहेर आले तेव्हा ते खाली उतरून उभे होते. परतताना मीच चालवली. गिअरवरून एक शब्द नाही.

२९ मे
सेन्सर बदलला. रईसभाई म्हणाले, "भाभी, आप सही थीं." सरळ, सगळ्यांसमोर. घरी प्र. आबांना सांगत होते, "गाडीचाच फॉल्ट होता." आतून ऐकलं. मला सांगायला काय झालं होतं?
ड्रायव्हरचं विचारलं. "पंधरा दिवस थांब म्हटलंय त्याला." नको म्हटलेलं नाही.

३ जून, मंगळवार
आज सकाळी अंगणात. रात्रभर उभी, गार गाडी. पहिल्या किल्लीला नाही लागली. दुसऱ्याला लागली. नवा सेन्सर, आणि गार असताना. आता हे काय नवीन? की जुनंच काहीतरी आहे, आणि सेन्सर उगाच बदलला? पण फडक्याने तर लागली होती.
प्र. ओट्यावर दात घासत होते. ऐकलंच असणार. वाटलं आता बोलतील. चूळ भरली, आत गेले, पट्टा बांधून बाहेर आले आणि बाजूच्या सीटवर बसले.
"कमरेचं काय?"
"चल तू."
फोपनारला पोचलो. मी इंजिन चालूच ठेवणार होते. म्हणाले, "बंद कर. कळू तर दे." मी चिडले. कळल्यावर ड्रायव्हर येणार, हेच ना? तसं म्हटलंही. त्यांनी दार उघडलं. मग म्हणाले, "त्याच्या हातून तरी कुठे लागणार आहे." आणि उतरले.
बंद केली.
हे गाडीत बसूनच लिहितेय. कॅरेट उतरतायत, थोडेच राहिलेत. ऊन चढलंय. प्र. शेतकऱ्याशी बोलतायत, मधूनच इकडे बघतात. किल्ली अजून फिरवलेली नाही.