मटणाच्या नळ्या

१३ नोव्हेंबर १९७२, श्रीरामपूर
आजही निळं! आणि कसं, गर्द! बोकडाच्या मांडीतलं मायोसिन हे प्रथिन — स्नायू आखडतो तो याच्याच जोरावर — एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तोडतं, फॉस्फेट सुटतं, मग रसायन घातलं की नळी निळी होते. जितकी निळी, तितकं प्रथिन जोरकस. शेजारच्या कोऱ्या नळीत बाकी सगळं तेच, प्रथिन तेवढं नाही. ती पाण्यासारखी स्वच्छ. पुण्याला माझ्या संशोधनाच्या सरांना तार केली.
पण मग काल फिकं का होतं? माल तोच, हात तोच.

१६ नोव्हेंबर
सर पंचवीसला स्वतः बघायला येणार. त्यांच्यासमोर जमलं तर पुण्याची शिष्यवृत्ती. नाही जमलं तर — अण्णा म्हणाले, "नाशिकच्या मंडळींना होकार कळवतो. बोकड चिरणारी मुलगी किती दिवस घरात ठेवायची?" आई गहू निवडत राहिली. अण्णांपेक्षा तिचाच राग आला.

२० नोव्हेंबर
आकडे नाचताहेत. बर्फ बदलला, मापं बदलली. उजाडताच कसायाकडे गेले, तोंडावर पदर ओढून. काही उपयोग नाही. जेवण जात नाही.

२३ नोव्हेंबर
सापडलं! आमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं — मटणाच्या नळ्या बाकीच्यांत मिसळायच्या नाहीत. मलाही ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! त्यामुळे प्रथिन नेहमी त्या वेगळ्या टोपलीतल्या नळीत, आणि कोरी नळी चांगल्या टोपलीतली.
आज मोरीशी गेले तर प्रयोगशाळेतल्या कडूबाई मटणाच्या नळ्या राखेनं घासताहेत! मी ओरडलेच.
"राखंबिगर वशाट वास जातुय व्हय, बाई? आन् खंगळायला पानी कुठं हाय? टँकर आलाच न्हाई."
राखेत फॉस्फेट असतं, हे मी पोरांना शिकवते! आणि फॉस्फेट कुठलंही असो, रसायन निळंच होणार. बुडाशी राख राहणार, कधी कमी, कधी जास्त. म्हणूनच आकडे नाचत होते. कडूबाईंवर उगाच ओरडले. पण हायसं वाटलं. उद्या प्रथिन चांगल्या नळीत घालीन, आकडा एकदाचा ठरेल. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२४ नोव्हेंबर
चांगल्या नळीत प्रथिन घातलं. निळं आलंच नाही. पुन्हा केलं. नाहीच.
मग मटणाच्या नळीत प्रथिन न घालता नुसतं पाणी आणि रसायन घातलं. ते निळं झालं.