साहेबांची गाडी आणि तुमची

बाबा, परवा साहेबांची गाडी किहीमच्या अलीकडे उकळली. साहेब मुंबईचे, त्यांच्या इथल्या बंगल्यावर मी ड्रायव्हर आहे. पाच महिने झाले. मी पाच महिने एका जागी, तुम्हाला खरं वाटणार नाही. "पाणी बघितलं नव्हतंस?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "नाही साहेब, विसरलो." ते म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी बघ," आणि पेपर वाचायला लागले. इतकंच. तेव्हापासून तुमची गाडी डोक्यातून जात नाही. ती माझ्यामुळे बसली, आणि तुम्ही जाईपर्यंत ते माझ्या तोंडून निघालं नाही.

साहेबांची गाडी नवी, बटण दाबलं की चालू. वर पत्र्याचं छप्पर, काचा लावल्या की समुद्राचा वासही येत नाही. मी नुसता बसून दमतो. तुमची लढाईच्या आधीची, कापडी टपाची, हँडल मारून उठवायची; रेवसला मुंबईच्या लाँचमधून उतरलेली माणसं भाड्यानं पोचवायची. "आंगठा बोटांच्या बाजूला ठेव रं, उलटा झटका बसला तर मनगट जाईल," हे रोज. तिचा रबरी भोंगा नागावच्या वाड्यांमध्ये वाजला की बायका हातातलं काम टाकून बघायच्या, कोण आलं मुंबईहून. एकदा त्या भोंग्यात गांधीलमाशीनं घर केलं होतं आणि तुम्ही दोन दिवस तोंडानंच "बाजू, बाजू" करत गाडी हाकलीत. असो, सांगायचं ते राहतंय.

तुमचा नेम एकच होता, गाडीला पाणी घरच्या विहिरीचं. रेवसच्या धक्क्याजवळची विहीर मचूळ. "आपन पितो काय ते? मंग तिला कशाला पाजायचं?" म्हणून सकाळी दोन डबे भरून गाडीत ठेवायचे, ते काम माझं. तो अख्खा उन्हाळा मी डबे रिकामेच नेले आणि लाँचची वाट बघता बघता धक्क्यावरच भरून घेतले. रहाट ओढायचा कंटाळा, दुसरं काय. वैशाखात, लाँचची माणसं घेऊन अलिबागकडे येताना ती उकळली आणि इंजिन जाम झालं. ऊन तुमच्या डोळ्यांवर होतं.

मिस्त्री येतो, रेडिएटर उघडून बघतसुद्धा नाही, नाहीतर आत साचलेलं मचूळ पाण्याचं मीठ दिसलं असतं. उतरलेली माणसं भोवती उभी. "काय दादा, चाकावर झोपला व्हतास काय? येवढी वाफ दिसली न्हाय?"

तुम्ही म्हणता, "न्हाय दिसली खरी. माझंच डोळं गेलं आता."

गाडी भंगारात गेली. मिस्त्रीचं बोलणं धक्क्यावर पोचलं, आणि कोणी दुसरी गाडी देऊ केली तरी तुम्ही चाकाला हात लावला नाहीत. लोकांच्या वाड्यांना पाणी लावत राहिलात. कधी कधी ओटीवर बसून एक डोळा झाकायचात आणि समोरच्या पोफळी मोजायचात. सगळ्या बरोबर मोजायचात. मी बघायचो आणि उठून बाहेर जायचो. पुढे मी घरच सोडलं; पेण, मग पनवेल, मग कुठे कुठे.

हे पत्र घडी करून खिशात ठेवतो, पोस्टात टाकायचं नाहीच कुठे. अजून एक राहिलं. मिस्त्री बोलला तेव्हा सगळे हसले. तुम्ही पाठमोरे होतात, बॉनेट लावत होतात, तुम्हाला दिसलं नसेल. मी पण हसलो होतो.